गेन आणि ट्रान्सफर फंक्शन

नियंत्रण अभियांत्रिकीत प्रणालीला काय दिले असता ती काय देते, हे मांडण्याच्या या दोन पद्धती आहेत. गेन म्हणजे आउटपुट भागिले इनपुट, एक आकडा. ट्रान्सफर फंक्शन म्हणजे आउटपुटच्या लाप्लास रूपांतराला (काळाच्या फलनाचे ‘एस’च्या फलनात रूपांतर करणारी गणिती क्रिया) इनपुटच्या लाप्लास रूपांतराने भागून मिळणारे, ‘एस’ या संमिश्र चलाचे फलन. त्यासाठी प्रणाली रेषीय (इनपुट दुप्पट केले की आउटपुटही दुप्पट) आणि काळानुसार न बदलणारी असावी लागते, शिवाय आरंभीच्या सर्व स्थिती शून्य धरतात. ट्रान्सफर फंक्शन हाती असले की हवा तो गेन काढता येतो. एका गेनवरून मात्र ट्रान्सफर फंक्शन उभे करता येत नाही.

‘गेन किती?’ हा प्रश्न मुळात अर्धवट आहे. १०/(एस + ५) हे साधे ट्रान्सफर फंक्शन घ्या. एसच्या जागी शून्य ठेवले की २ मिळतात. हा डीसी गेन; इनपुट १ व्होल्टवर नेऊन तिथेच ठेवले, तर आउटपुट शेवटी २ व्होल्टवर स्थिरावेल. पण सेकंदाला ५ रेडियन वेगाची साइन तरंग दिली, तर गेन १.४१ भरतो आणि आउटपुट ४५ अंशांनी मागे पडते. ५० रेडियनला गेन ०.२ उरतो आणि मागे पडणे ८४ अंशांवर जाते. आता अंशातल्या १० चे काय? पोल-झिरो रूपात, म्हणजे अंश आणि छेद (एस + ५) सारख्या अवयवांत, लिहिताना त्यालाही गेनच म्हणतात आणि विद्यार्थी हमखास त्यालाच डीसी गेन समजून बसतात. छेदातला ५ बाहेर काढून २/(०.२ एस + १) असे लिहिले की घोळ मिटतो: गेन २, कालस्थिरांक (प्रणाली किती संथपणे प्रतिसाद देते ते सांगणारा वेळ) ०.२ सेकंद.

१/(एस − १) मध्ये फसगत याहून मोठी आहे. एस शून्य ठेवल्यास उत्तर उणे १ येते, प्रत्यक्षात आउटपुट वाढतच जाते आणि कुठेही स्थिरावत नाही. अस्थिर प्रणालीच्या डीसी गेनला भौतिक अर्थ उरत नाही. दुसऱ्या टोकाला निव्वळ विलंब आहे. कन्व्हेयर पट्ट्यावर टाकलेला माल ३० सेकंदांनी पलीकडे पडतो तेव्हा गेन सर्व वारंवारतांना १ असतो. गेनच्या आलेखावर हा पट्टा आणि तांब्याची सरळ तार यांत काहीच फरक दिसत नाही. फरक सगळा फेजमध्ये, म्हणजे तरंग किती अंश मागे पडते त्यात, असतो.

ऑप-अँप या वर्धक चिपचा गेन लाखांत सांगायची पद्धत आहे. ७४१ या प्रसिद्ध चिपचा नमुनादाखल गेन दोन लाख, पण तो साधारण ५ हर्ट्झपर्यंतच. त्यापुढे वारंवारता दहापट झाली की गेन एकदशांश होतो. १ किलोहर्ट्झला तो हजाराच्या आसपास असतो आणि १ मेगाहर्ट्झच्या सुमारास १ वर येतो. फीडबॅक लावून, म्हणजे आउटपुटचा काही भाग उलटा करून इनपुटकडे परत देऊन, गेन १० वर आणला, तर तो सुमारे १०० किलोहर्ट्झपर्यंत टिकतो. गेन खर्चून भरवशाचे वर्तन विकत घेण्याची ही कल्पना बेल लॅबमधल्या हॅरॉल्ड ब्लॅक यांची. २ ऑगस्ट १९२७ रोजी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्यांनी ती वर्तमानपत्राच्या पानावर खरडली. अशी वर्धके कधीकधी आपणहून शिट्टी वाजवू लागत. ती केव्हा वाजेल, हे हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये लूपच्या, म्हणजे फीडबॅकच्या बंद फेऱ्याच्या, गेन आणि फेजवरून सांगितले. पुढे हेंड्रिक बोडे यांनी दाखवले, की ‘किमान फेज’ प्रणालींत, म्हणजे त्या गेनला शक्य तितक्या कमीच मागे पडणाऱ्या प्रणालींत, सर्व वारंवारतांचा गेन माहीत असला तर फेज त्यावरूनच काढता येते. वरचा पट्टा या वर्गात बसत नाही.

हे सगळे लूपमध्ये कसे दिसते ते पाहू. एकापुढे एक तीन ढवळत्या टाक्या आहेत, प्रत्येकीचा कालस्थिरांक १ मिनिट. हीटर पहिल्या टाकीत, तापमान मोजायचे तिसरीत. मापन योग्य एककांत घेतले तर प्रक्रियेचे ट्रान्सफर फंक्शन १/(एस + १)³ होते, डीसी गेन १. त्रुटीच्या प्रमाणात हीटर चालवणाऱ्या नियंत्रकाचा गेन ४ ठेवला की २० टक्के त्रुटी कायमची उरते, कारण ती १/(१ + ४) इतकी असते. मग गेन वाढवावा हे ओघाने आले. पण ८ वर पोचताच तापमान एकसारखे वरखाली होऊ लागते, दर ३.६ मिनिटांना एक हेलकावा. मिनिटाला √३ रेडियन या वारंवारतेला प्रत्येक टाकी तरंग निम्मी करते आणि ६० अंश मागे ढकलते. तिघी मिळून एकअष्टमांश आणि १८० अंश. नियंत्रकाच्या आठने ती घट नेमकी भरून निघते आणि उलटलेली दुरुस्ती आगीत तेल ओतते. एकच टाकी असती तर गणिताप्रमाणे गेन ८० ठेवूनही हेलकावा आला नसता, आणि तिचाही डीसी गेन १च आहे. अर्थात हीटर पूर्ण क्षमतेला टेकला, की रेषीयता संपते आणि हा हिशेबही.

ट्रान्सफर फंक्शन न काढताही कारखान्यात काम भागते. झीग्लर आणि निकोल्स यांच्या १९४२ च्या पद्धतीत हेलकावे टिकेपर्यंत गेन वाढवायचा, तो गेन व आवर्तकाल टिपायचा आणि केवळ प्रपोर्शनल (त्रुटीच्या प्रमाणात दुरुस्ती करणारा) नियंत्रक असल्यास त्याच्या निम्मा ठेवायचा. आपल्या टाक्यांना ८ चे ४. ही पद्धत म्हणजे ट्रान्सफर फंक्शनचा एकच बिंदू प्रयोगाने मोजणे, फेज १८० अंश मागे पडते तिथला. जुन्या नियंत्रकांवर हाच आकडा उलटा लिहिलेला असतो: प्रपोर्शनल बँड २५ टक्के म्हणजे गेन ४. तिथे बँडची खुंटी वाढवली की गेन कमी होतो.