मागच्या रेषेवरून मारलेला स्मॅश

पुण्यात सोसायटीच्या क्लबहाऊसपासून बालेवाडीच्या क्रीडासंकुलापर्यंत, बॅडमिंटनचं डबल्स चालू असलेल्या कुठल्याही कोर्टाशेजारी 'मार, मार!' हा आरडाओरडा ऐकू येतोच. मारायचा तो स्मॅश: डोक्यावर आलेलं फूल, म्हणजे शटल, पूर्ण ताकदीनं समोरच्याच्या पायांकडे खाली हाणायचं. टेनिस आणि टेबल टेनिसमध्येही स्मॅश आहे. पण रॅकेटवरून सुटलेला वेग बॅडमिंटनमध्ये जितक्या झपाट्यानं मरतो, तितका त्या दोन्ही खेळांत मरत नाही.

भारताचा बॅडमिंटनपटू सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या नावावर ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा गिनीज विक्रम आहे. १४ एप्रिल २०२३ ला जपानमध्ये, सामन्यात नव्हे तर खास चाचणीत, तो मोजला गेला. हा वेग शटल तारांवरून सुटतं त्या क्षणाचा. पलीकडच्या खेळाडूपर्यंत त्यातला फार थोडा पोचतो.

शटलचं वजन जेमतेम पाच ग्रॅम, आणि मागे सोळा पिसांचा पसरलेला घेर. उंचावरून नुसतं सोडलं, तर ताशी सुमारे २४ किलोमीटरला त्याचा वेग स्थिरावतो, कारण तिथे हवेचा विरोध त्याच्या वजनाएवढा होतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे ताशी २४० ला तो वजनाच्या शंभरपट! हिशोब केला तर साधारण दर सव्वातीन मीटरला वेग निम्मा होतो. मागच्या रेषेजवळून ताशी ३०० नं सुटलेलं शटल नेटपर्यंत जाताजाता ऐंशीच्या आसपास येतं आणि पलीकडच्या खेळाडूजवळ पन्नासच्याही खाली. समोरचा जागेवर असेल तर तो ते आरामात उचलतो, आणि मारणारा मात्र अजून मागेच धापा टाकत असतो.

कोनाचं गणितही मागून मारणाऱ्याच्या विरोधातच जातं. नेट मध्यभागी १.५२४ मीटर उंच, आणि अर्धं कोर्ट ६.७० मीटर लांब. नेटपासून सहा मीटरवर उभं राहून २.६ मीटर उंचीवर शटल गाठलं आणि ते नेटला घासून सरळ रेषेत गेलं, असं धरलं तर ते पलीकडे जवळजवळ साडेआठ मीटरवर, म्हणजे चक्क बाहेर पडेल. ते आत पडतं, कारण हवा वेग खाते आणि गुरुत्वाकर्षणाला खाली ओढायला वेळ मिळतो. तोच फटका नेटपासून तीन मीटरवरून मारला, तर सरळ रेषाच साडेचार मीटरच्या आत जमिनीला टेकते. जंप स्मॅशचा, म्हणजे उडी घेऊन मारलेल्या स्मॅशचा, खरा फायदा इथे आहे. अर्धा मीटर वर उडालं की मागूनही रेषा सहा मीटरवर उतरते. ताकद वाढो न वाढो, कोन नक्की मिळतो. उडी जमत नसेल तर मागून हाफ स्मॅश (कमी जोराचा स्मॅश) किंवा त्याच हालचालीतून ड्रॉप (नेटजवळ हलकेच पडणारा फटका) टाकणं जास्त शहाणपणाचं, असं माझं मत.

'मनगट मार' हा सल्लाही अर्धवटच. वेगाचा मोठा वाटा येतो तो दंड खांद्यात आतल्या बाजूला फिरण्यातून आणि कोपराखालचा हात पिळला जाण्यातून. त्यासाठी पकड शेवटच्या क्षणापर्यंत सैल हवी. मूठ आधीच आवळली की हे फिरणं अडतं.

आता पुण्याच्या हवेबद्दल. १८७० च्या दशकात इथले ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळायचे, तेव्हा त्याला 'पूना' असंही म्हणत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर असल्यानं इथली हवा मुंबईपेक्षा पाचेक टक्के विरळ आहे, म्हणून तेच शटल इथे थोडं लांब जातं. पण ऋतूचा फरक उंचीपेक्षा मोठा आहे. जानेवारीतली ११ अंशांची पहाट आणि मे महिन्यातली ३८ अंशांची दुपार यांत हवेची घनता जवळजवळ नऊ टक्क्यांनी बदलते. म्हणूनच पिसांच्या शटलच्या डब्यावर ७६, ७७, ७८ असे आकडे असतात. आकडा लहान तितकं शटल संथ, आणि एका आकड्यानं साधारण फूटभर फरक पडतो. उन्हाळ्यात लहान आकडा घ्यावा. नायलॉनच्या शटलचा घेर जोरदार फटक्यात आकसतो आणि विरोध कमी होतो, त्यामुळे त्यावर घोटलेला अंदाज पिसांवर चुकतो.

डबा उघडल्यावर नियमातली चाचणी करून बघा: मागच्या रेषेवरून खालून वर पूर्ण फटका मारायचा. योग्य शटल पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडतं.