‘कशातली पाहिजे?’ : जुन्या हजार लिटरच्या टाक्यांच्या बाजाराची पार्श्वभूमी

सांगली-मिरजेजवळ कुपवाडच्या बाजूला जुन्या बॅरलांच्या वखारीत जाळीच्या टाकीचा, म्हणजे लोखंडी जाळीतल्या चौकोनी प्लास्टिकच्या टाकीचा, भाव विचारला, की आधी उलटा प्रश्न येतो, ‘कशातली पाहिजे?’ म्हणजे आधी तिच्यात काय भरलेलं होतं. फाउंड्रीच्या रेझिनची, कापडाच्या रंगप्रक्रियेतली, साबणाची, की डीईएफची (डिझेल गाड्यांचा धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी). भाव त्यानंतर.

फार मागं जायची गरज नाही. डांबराची पिंपं कापून त्यांचे पत्रे गोठ्याला ठोकायची रीत जुनी आहे. मग निळी प्लास्टिकची बॅरलं आली आणि त्यांनी न्हाणीघरापासून मळ्यापर्यंत सगळीकडं जागा पटकावली. लोखंडी जाळीतली चौकोनी टाकी युरोपात १९७० च्या दशकात निघाली. तिचं गणित सोपं आहे. ज्या पॅलेटवर दोनशे लिटरची चार बॅरलं बसतात, तेवढ्याच जागेत ही हजार लिटर माल घेते, आणि खाली दोन इंची व्हॉल्व्ह असल्यानं बॅरल आडवं पाडायची कसरत उरत नाही.

या टाकीची खोड परतीच्या वाटेवर कळते. रिकामी टाकी ट्रकमध्ये भरलेलीइतकीच जागा खाते. लोटे, महाड किंवा कुरकुंभच्या रसायन कारखान्यांतून मिरजेच्या फाउंड्रीत किंवा इचलकरंजीच्या प्रोसेसमध्ये (कापड रंगवायच्या कारखान्यात) आलेली टाकी माघारी पाठवायची, तर गाडीभर हवेचं भाडं भरावं लागतं. म्हणून ती जिथं रिकामी होते तिथंच विकली जाते. शिवाय घातक माल वाहायला प्लास्टिकच्या टाकीला बनल्या तारखेपासून पाचच वर्षं मुभा असते, दर अडीच वर्षांनी तपासणी वेगळी. जाळीवरच्या पाटीवर ३१एचए१ या टाकीचा प्रकार सांगणाऱ्या खुणेशेजारी बनल्याचं महिना-वर्ष असतं. गिऱ्हाईक ते वाचत नाही, वखारवाला मात्र पहिल्यांदा तेच वाचतो.

गिऱ्हाईक खऱ्या अर्थानं तयार झालं ते २०१२ ते २०१६ च्या दुष्काळी वर्षांत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. ती बातमी देशभर गाजली, पण त्याच काळात जत आणि आटपाडीकडं लोक टँकरची वाट बघत होते. टँकर आला की पाणी साठवायचं कशात? विहिरीत ओतलं तर मुरतं, बॅरलं पुरत नाहीत. जाळीची टाकी ट्रॉलीत बसते आणि तिला खालून पाइप लागतो. भरली की एक टनाच्या वर जाते, एवढं भान ठेवलं म्हणजे झालं.

दुष्काळ सरला तरी मागणी राहिली, ती द्राक्षांमुळं. तासगाव, कवठेमहांकाळ, पलूसच्या बागांत फवारणीचं पाणी आधी कालवून ठेवावं लागतं. बेदाण्यासाठी घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, तर त्यालाही साठा लागतो. जीवामृताचं (शेण-गोमूत्राच्या पातळ खताचं) माप एकरी दोनशे लिटर धरतात, म्हणजे एका टाकीत पाच एकरांचं काम. त्यामुळं ऑक्टोबर छाटणीपासून उन्हाळा संपेपर्यंत टाकीला तेजी, पावसाळ्यात मंदी. ऊन लागलं की पांढऱ्या टाकीत शेवाळ धरतं. शेतकरी वरून काळा कागद गुंडाळतात किंवा काळा रंग मारतात.

गुंता आहे तो ‘रिकामी’ या शब्दात. घातक कचऱ्याच्या १९८९ च्या पहिल्या नियमांतही टाकून दिलेले डबे यादीत होते. २०१६ च्या नियमांत पहिल्या अनुसूचीत ३३.१ ही नोंद आहे : घातक रसायनांनी किंवा कचऱ्यानं दूषित झालेली रिकामी बॅरलं, पात्रं आणि अस्तरं. आता रिकामी आणि दूषित, दोन्ही एकाच वेळी, म्हणजे नेमकं काय? तळाशी पेलाभर उरलं तर? नुसता वास राहिला तर? नोंदीत आकडा नाही. कागदावर अर्थ असा, की अशी टाकी परवानाधारकाकडंच जायची, सोबत मालाचा मागोवा सांगणारी कागदपत्रं हवीत. पण कारखान्यानं आपल्याच आवारात ती धुतली, तर ती दूषित राहत नाही आणि साधा माल म्हणून विकता येते. एकच टाकी, फाटकाच्या आत घातक कचरा आणि फाटकाबाहेर पाणी भरायचं भांडं. मध्ये फक्त एक धुणं.

या नोंदीवर वखारवाले नाराज आहेत आणि त्यांच्या नाराजीत तथ्य आहे. परवाना काढायचा तर सांडपाणी प्रक्रिया हवी, आणि ती पाच-पंचवीस टाक्यांच्या धंद्याला परवडत नाही. तरीही नोंद काढून टाका, ही मागणी मला पटत नाही. या टाक्यांचं एचडीपीई प्लास्टिक काही रसायनं अंगात मुरवून घेतं, तीन वेळा धुऊनही वास जात नाही, हे टाकीत नाक घालणाऱ्या कुणालाही माहीत आहे. आणि धुण्याचं पाणी वखारीमागच्या ओढ्याला लागलं तर ते शेवटी कृष्णेतच येतं. जिथं सांडपाण्याची सोय आधीच आहे तिथं, म्हणजे कारखान्यातच, टाकी धुऊन द्यायची सक्ती असती तर भांडण मिटलं असतं. नियमानं ओझं साखळीच्या शेवटच्या, सगळ्यात कच्च्या कडीवर टाकलं.

‘फूड ग्रेड’ हा शब्दही इथं सैल वापरला जातो. टाकी नवी असताना तिचं प्लास्टिक त्या दर्जाचं असेलही. आत एकदा दुसरं काही भरल्यावर त्या शिक्क्याला अर्थ उरत नाही.

करानंही यात हात घातला. १ ऑक्टोबर २०२१ पर्यंत प्लास्टिक भंगारावर जीएसटी ५ टक्के होता, तो १८ झाला. आधी टाकी ‘भंगार’ म्हणून दाखवण्यात फायदा होता, मग तो उरला नाही. रिकामी टाकी साधारण ६० किलोची, त्यात प्लास्टिक पंधराएक किलो, बाकी जाळी आणि बूड. लोखंड आणि प्लास्टिकचा मोडीचा दर हा भावाचा तळ, शेतकऱ्याची गरज हे वरचं टोक. कच्च्या तेलाबरोबर तळ हलतो, पावसाबरोबर वरचं टोक.

२०२० मध्ये दोन गोष्टी घडल्या. टाळेबंदीत गावोगाव सोडियम हायपोक्लोराइट फवारलं गेलं आणि ट्रॅक्टरवर चढवायला टाक्या कमी पडल्या. त्याच वर्षी १ एप्रिलपासून गाड्यांच्या धुराचं बीएस-६ हे मानक लागू झालं, जड डिझेल गाड्यांना डीईएफ सर्रास लागू लागलं, आणि ते घाऊक गिऱ्हाइकाला याच टाक्यांत मिळतं. आत ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. अशी टाकी बागाईतदाराला निर्धास्तपणे विकता येते. महामार्गालगत सातारा, शिरवळकडं जड वाहनांची वर्दळ मोठी, म्हणून तिकडचा वखारवाला ‘डीईएफची आहे’ हे न विचारताच सांगतो. माण-खटावचा गिऱ्हाईक त्याच शब्दावर येतो.

अलीकडची भर म्हणजे प्लास्टिक वेष्टनांची उत्पादकावरची जबाबदारी. २०२२ च्या तरतुदीनुसार ४.९ लिटर किंवा त्याहून मोठ्या कठीण प्लास्टिक वेष्टनांच्या पुनर्वापराचं बंधन २०२५-२६ पासून सुरू होतं, पहिल्या वर्षी ७० टक्के. नव्या टाकीचा धनी जुनी टाकी परत मागू लागला, तर बाजारात येणारा माल आटेल. वखारीत याची चर्चा अजून दबक्या आवाजात आहे. तूर्त टाकी आली की आधी लेबल खरवडून काढायचं, हेच चालू आहे. त्यामुळं ‘कशातली?’ या प्रश्नाचं उत्तर आता फक्त वखारवाल्याच्या तोंडी मिळतं.