खिळे गालिच्याचे, फरशी आपली

जमिनीवर उभे करायचे स्पीकर घरी आले की खोक्याच्या तळाशी एक पुडी सापडते. तिच्यात आठ टोकदार खिळे असतात, म्हणजे स्पाइक. ते स्पीकरच्या तळाला फिरवून बसवायचे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये खाली व्हिट्रिफाइड टाइल असते, टाइलवर चरे पडतील म्हणून घरातून ओरडा होतो आणि शेवटी प्रत्येक खिळ्याखाली रुपयाचं नाणं जातं. मीही नाणी लावली होती. हे खिळे मुळात आपल्या फरशीसाठी नव्हतेच, हे बऱ्याच उशिरा कळलं.

स्पीकर वाजला की त्याची पेटीही थरथरते आणि खिळे, रबरी पाय हे सगळं त्या कंपासाठी. कंपाचा पहिला त्रास कानाला नव्हे, रेकॉर्ड वाजवणाऱ्या सुईला झाला. 1925 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी आजच्या धाटणीचा हलत्या कॉइलचा स्पीकर मांडला. पुढे रेडिओग्राम आले. जुन्या घरांतल्या दिवाणखान्यात शिसवी कपाटासारखा दिसायचा, तोच. त्यात तबकडी आणि स्पीकर एकाच लाकडी पेटीत. स्पीकर घुमला की पेटी थरथरायची, ती थरथर सुई उचलायची, ॲम्प्लिफायर ती वाढवून पुन्हा स्पीकरकडे पाठवायचा आणि आवाज चढवला की सगळं मिळून हुंकारायला लागायचं. म्हणून तबकडीचा पत्रा स्प्रिंगवर बसवत.

यातली मोठी उडी अमेरिकेतल्या एडगर विलचर यांची. 1954 मध्ये त्यांच्या ॲकॉस्टिक रिसर्च कंपनीने बंद पेटीतल्या हवेचीच स्प्रिंग करणारा आटोपशीर स्पीकर आणला आणि स्पीकर जमिनीवरून फडताळावर चढला. 1961 मध्ये त्यांनीच असा टर्नटेबल काढला, ज्याची तबकडी आणि सुईचा दांडा दोन्ही एकाच चौकटीवर, आणि ती चौकट स्प्रिंगवर तरंगती. बाहेरून धक्का आला तर दोन्ही एकत्र हलणार, सुईला फरक पडणार नाही. हीच कल्पना 1970 च्या दशकात ग्लासगोच्या लिन कंपनीच्या टर्नटेबलने ब्रिटनभर गाजवली.

खिळ्यांचा जमाना सुरू झाला तोही याच सुमारास, ब्रिटनमध्येच. तिथलं घर डोळ्यांसमोर आणा: लाकडी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर अस्तर, त्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचा. अशा गालिच्यावर उंच, निमुळता स्पीकर डुगडुगतो. खिळा लोकर आणि अस्तर भेदून खालच्या फळीत रुततो आणि स्पीकर घट्ट उभा राहतो. वीस किलोचा स्पीकर चार खिळ्यांवर उभा असेल तर प्रत्येक टोकावर पाच किलो भार, तोही जेमतेम चौरस मिलिमीटरभर जागेत. साधा, सुतारी उपाय होता तो.

गोंधळ पुढे झाला. खिळा स्पीकरला जमिनीशी जखडतो. विलग करणं, म्हणजे मध्ये लवचीक काहीतरी घालून कंप पलीकडे जाऊ न देणं, हे याच्या नेमकं उलट. पण दुकानात दोन्ही गोष्टी एकाच नावाने विकल्या जाऊ लागल्या. खिळ्यातून कंप खाली जातो पण वर येत नाही, असंही सांगितलं जाई. कंपाला असा एकेरी रस्ता नसतो. गंमत म्हणजे 1982-83 मध्ये सीडी आली, कितीतरी घरांतून सुई गेली, खिळे मात्र पुडीत तसेच राहिले.

विलग करण्याची खरी विद्या दुसरीकडेच वाढत होती, यंत्रांच्या पायात आणि इमारतींच्या पायात. 1932 मध्ये लंडनला बीबीसीचं ब्रॉडकास्टिंग हाउस उभं राहिलं. स्टुडिओ मधल्या जाड विटांच्या गाभ्यात ठेवले, तरी खालून जाणाऱ्या भुयारी रेल्वेची घरघर आत पोचायची. 1966 मध्ये त्याच शहरात रेल्वे स्थानकाच्या डोक्यावरची अल्बनी कोर्ट ही अख्खी इमारत रबराच्या ठोकळ्यांवर उभी केली गेली. 1982 मध्ये सॉर्बोथेनचं पेटंट निघालं. कंप गिळणारं हे मऊ पॉलियुरेथेन पुढे बुटांच्या तळव्यांपासून टर्नटेबलच्या पायांपर्यंत सगळीकडे शिरलं. स्टुडिओवाले यामाहाचे एनएस-10 (1978) हे छोटे स्पीकर मिक्सिंग कन्सोलच्या, म्हणजे आवाज जुळवायच्या मोठ्या टेबलाच्या, माथ्यावर ठेवत. कन्सोलही वाजू लागे, म्हणून स्पीकरखाली फोमच्या गाद्या आल्या. कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेत स्टुडिओ उभारणीवर काम केलेल्या डेव्ह मॉरिसन यांनी 2012 मध्ये आयसोॲकॉस्टिक्स ही कंपनी काढली आणि लवचीक पायांचे स्टँड घरोघरच्या टेबलांवर आले.

या सगळ्यामागचं गणित एका ओळीचं आहे. स्प्रिंग किंवा रबर स्पीकरच्या वजनाने किती दबतं, यावर सगळं ठरतं. एक मिलिमीटर दबलं तर त्याची स्वतःची डुलण्याची गती सेकंदाला सुमारे 16 हेलकावे, म्हणजे 16 हर्ट्झ, एक सेंटिमीटर दबलं तर 5. त्या गतीच्या साधारण 1.4 पटीच्या वरचे कंपच अडतात. त्याखाली अडत तर नाहीतच, डुलण्याच्या गतीजवळ उलट वाढतात. म्हणून हलक्या स्पीकरखाली कडक रबर घातलं तर ते दबतच नाही आणि जड स्पीकरखालचा फोम चेपून नुसता पुठ्ठा होतो. 30 हर्ट्झचा बेस नुसता अडायला लागण्यापुरता नव्हे, चांगला अडवायचा तर पाय अडीच मिलिमीटरच्या आसपास दबायला हवेत. पाकिटावर हा आकडा क्वचितच असतो, वजनाची मर्यादा मात्र बहुधा असते. ती तरी वाचावी.

आता आपली फरशी. शहाबादी असो, कोटा असो की टाइल, खाली काँक्रीटचा स्लॅब. त्याचं लाकडी फळीसारखं ढोलकं होत नाही. हिशेब करून पाहा: स्पीकरचा वीस ग्रॅमचा पडदा पाच मिलिमीटर हलला तर पंधरा किलोची पेटी ढोबळमानाने 0.007 मिलिमीटर मागे सरकणार. एवढ्याने स्लॅब तुमच्या कानाला जाणवेल इतका वाजत नाही. लाकडी टीपॉय किंवा काचेच्या शोकेसवर स्पीकर ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे रबराने फरक पडतो आणि चांगलाच पडतो.

फरशीचा खरा उपद्रव कंपाचा नसून परावर्तनाचा आहे. वूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा पडदा, जमिनीपासून 60 सेंटिमीटर, कान एक मीटरवर, मध्ये तीन मीटर अंतर असेल तर फरशीवरून येणारा आवाज सुमारे 37 सेंटिमीटर जास्त चालतो आणि 460 हर्ट्झच्या आसपास थेट आवाजाला खातो. स्पीकर पाच सेंटिमीटर उचलला की हा खड्डा 425 च्या जवळ सरकतो. महागडे पाय बसवल्यावर जो फरक ऐकू येतो, त्यातला काही भाग या उंचीचाच असतो, असा माझा संशय आहे. सतरंजी अंथरली तर वरचे सूर शांत होतात. चारशेच्या घरातल्या सुरांना तिचा पातळ थर पुरत नाही.

एका ठिकाणी मात्र काँक्रीटवरही विलगीकरण हवंच. सबवूफरची धडक स्लॅबमधून खाली उतरते आणि रात्री अकराला खालच्या घराच्या छतात धप् धप् ऐकू येते. त्या धडकेतला हवेतून जाणारा वाटा कुठलाही पाय अडवणार नाही, पण स्लॅबमधून उतरणारा बराच अडतो. माझी नाणी आता गेली. त्या जागी रबर आहे, स्पीकरचं वजन करून घेतलेलं. माझ्या खोलीतल्या आवाजात मला काही फरक कळलेला नाही. खालच्यांचा फोन मात्र येत नाही.