एका थांब्याची ताकद

नवा टॅब उघडला की बोटं आपसूक एखाद्या साइटची पहिली दोन अक्षरं टाइप करतात. उरलेलं नाव ब्राउझरच भरतो आणि आपण काय शोधायला आलो होतो हे आठवेपर्यंत समोर फीड सरकू लागलेलं असतं. यात आपण काही ठरवलेलंच नसतं. खूण दिसली की कृती घडते, मध्ये विचार येत नाही. सवय म्हणतात ती हीच. म्हणून नुसता निश्चय इथे तोकडा पडतो. निश्चय आठवावा लागतो, सवय आठवावी लागत नाही.

ब्राउझरची काही एक्स्टेन्शन खूण आणि कृती यांच्या नेमकी मध्ये उभी राहतात. एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरमध्ये बसवलेला छोटा प्रोग्रॅम. साइटकडून आलेल्या पानात तो स्वतःचा कोड चालवू शकतो, त्यामुळे साइटला न विचारता पानाचा हवा तो भाग झाकता येतो. 'अनहूक' यूट्यूबवरची शिफारशींची रांग लपवतं. आपण शोधलेला व्हिडिओ तेवढा राहतो. 'लीचब्लॉक' ठरलेल्या वेळेत साइट बंद ठेवतं, किंवा उघडण्याआधी काही सेकंद थांबायला लावतं.

मला हे थांबायला लावणं बंदीपेक्षा मोलाचं वाटतं. बंदी आली की माणूस पळवाट शोधतो. 2023 साली 'पीएनएएस' या शोधपत्रिकेत 'वन सेक' या मोबाइल ॲपचा अभ्यास आला. हे ॲप सोशल मीडिया उघडताना क्षणभर अडवतं आणि 'उघडायचं की राहू द्यायचं?' असं विचारतं. 280 जणांच्या सहा आठवड्यांच्या नोंदींत 36 टक्के वेळा लोक तिथूनच मागे फिरले. संशोधकांनी या अडथळ्याचे भाग सुटे करूनही तपासले. सर्वांत जास्त परिणाम परत फिरण्याच्या पर्यायाचा झाला, त्याखालोखाल थांबण्याचा. विचार करायला सांगणाऱ्या संदेशाने फरक पडला नाही. उपदेश वाया गेला आणि समोर दिसणारं बाहेर पडायचं दार कामी आलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पासवर्ड मॅनेजरचं, म्हणजे पासवर्ड जपून ठेवून योग्य साइटवर भरणाऱ्या प्रोग्रॅमचं, एक्स्टेन्शनही असाच थांबा देतं, फक्त ते गप्प राहून. बँकेच्या पत्त्यात एखादं अक्षर बदलून बनवलेली खोटी साइट डोळ्यांना खरीच वाटते. एक्स्टेन्शन मात्र रंगरूप बघत नाही, पत्ता ताडून बघतं. पत्ता जुळला नाही तर ते पासवर्ड भरायला पुढे येत नाही. अशा वेळी हाताने पासवर्ड टाकायची घाई करू नका, आधी पत्ता वाचा.

आता काळजीची बाजू. पान बदलू शकणारा प्रोग्रॅम पान वाचूही शकतो. 'सर्व साइट्सवरील डेटा वाचणे आणि बदलणे' या परवानगीचा अर्थ शब्दशः तोच आहे. 'द ग्रेट सस्पेंडर' हे न वापरलेले टॅब निजवून मेमरी वाचवणारं, लाखोंच्या विश्वासाचं एक्स्टेन्शन. 2020 साली ते नव्या मालकाकडे गेलं आणि फेब्रुवारी 2021 मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलने ते हटवलं. नाव तेच राहिलं होतं, अपडेट मात्र दुसऱ्याच्या हातून येत होते. म्हणून क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन त्याचा वावर मोजक्या साइटपुरता ठेवा. फीड झाकणाऱ्याला तुमचा ईमेल दिसण्याचं काहीच कारण नाही.