कीबोर्ड शांत हवा, पण किती मऊ?

हाताशी असलेल्या मेकॅनिकल कीबोर्डचं एक बटण अगदी सावकाश, तळाला टेकेपर्यंत दाबा आणि तितक्याच सावकाश सोडा. जवळजवळ काहीच ऐकू येणार नाही. आता तेच बटण पुन्हा सावकाश दाबा, पण या वेळी बोट झटकन बाजूला सरकवा. टक्! हा आवाज दाबण्याचा नाही, बटण परत वर येण्याचा आहे. टायपिंगच्या खडखडाटात या परतीच्या आदळण्याचा वाटा बराच मोठा असतो आणि शांत कीबोर्ड शोधणाऱ्यांचं नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं. (सावकाश दाबूनही 'क्लिक' ऐकू आलंच, तर तुमच्याकडे क्लिकी स्विच आहे. त्याच्याकडे येऊच.)

मेकॅनिकल कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली प्लॅस्टिकची एक छोटी डबी असते, तोच स्विच. डबीत वरखाली सरकणारा दांडा, त्याच्याखाली स्प्रिंग आणि बाजूला धातूची पातळ पट्टी. जर्मनीच्या चेरी कंपनीने 1980च्या दशकात 'एमएक्स' स्विच आणले ते या रचनेचे. पुढे पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, काइल, औटेमू अशा चिनी कंपन्यांनी तीच उचलली, त्यामुळे आज बाजारातल्या बहुतेक स्विचना हे वर्णन लागू पडतं. त्यांपैकी 'एमएक्स रेड' या प्रकाराचा दांडा एकूण 4 मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर उमटतं ते 2 मिलिमीटरवरच. उरलेलं अंतर बोट नुसतं आपल्या वेगाने खाली जात राहतं आणि शेवटी दांडा डबीच्या तळावर आपटतो. बोट उचललं की स्प्रिंग त्याला वर फेकते आणि तो डबीच्या झाकणाला आतून धडकतो. एका अक्षरामागे दोन आघात.

निळ्या, म्हणजे क्लिकी, स्विचमध्ये तिसरा आवाज मुद्दाम घातलेला असतो. त्याच्या दांड्यावर एक सुटी बाही असते. पट्टीचा उंचवटा ओलांडला की ती उसळून खाली आपटते. आयबीएमच्या 1985 सालच्या 'मॉडेल एम' कीबोर्डमध्ये हेच काम स्प्रिंग करते: दाब वाढत गेला की ती मधेच वाकते आणि नळीच्या भिंतीवर थडकते. हे आवाज बटण किती हळू दाबलं यावर अवलंबून नसतात. म्हणजे घरात दुसरं कुणी झोपत असेल, तर निळा स्विच पहिल्याच फेरीत बाद. यावर चर्चा नको.

खरी चर्चा उरलेल्या दोन आघातांची. दांडा आणि त्यावरची कीकॅप, म्हणजे बटणाची टोपी, मिळून वजन भरतं जेमतेम एक-दोन ग्रॅम, पण ते थांबतं फार अचानक. संवेगातला बदल म्हणजे बल गुणिले वेळ, हे आपण शाळेत शिकलो. थांबण्याचा वेळ जितका कमी, तितकं बल जास्त. आवाजाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे आघात जितका आखूड, तितकी त्यातून उमटणारी कंपनं वरच्या पट्टीतली. ढोबळ हिशेब असा: पाव मिलिसेकंदात उरकलेल्या आघाताचा आवाज 4000 हर्ट्झपर्यंत पसरतो, एक मिलिसेकंद चाललेल्या आघाताचा 1000 हर्ट्झच्या पुढे मावळू लागतो. माणसाचा कान 2000 ते 5000 हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो. म्हणून कडक प्लॅस्टिकवर कडक प्लॅस्टिक आपटलं की तो आवाज प्रत्यक्षात लहान असूनही डोक्यात जातो.

'सायलेंट' स्विचचा उपाय सरळ आहे. दांड्याच्या ज्या भागांवर आघात होतो तिथे, खालच्या आणि वरच्या दोन्ही बाजूंना, रबरासारखा मऊ पदार्थ बसवायचा. आघात लांबतो, बल उतरतं आणि वरच्या पट्टीचा आवाज गळून पडतो. चेरीच्या एमएक्स सायलेंट रेडमध्ये हेच केलेलं आहे. या गाद्यांनी खाल्लेली जागा त्याच्या मापातही दिसते: एकूण प्रवास 4 ऐवजी 3.7 मिलिमीटर. कीकॅपच्या आत रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, अडकवण्याचा जुना उपाय मात्र अर्धाच. ती फक्त तळाचा आघात मऊ करते, परतीचा 'टक्' तसाच राहतो. वर केलेला प्रयोग ओ-रिंग लावून करून पाहा, फरक पडत नाही.

आता अडचण. बोटाला जो 'ठणठणीत' स्पर्श आवडतो, तोही त्याच अचानक थांबण्यातून येतो. बोटांच्या टोकांत कातडीखाली पॅसिनियन कणिका नावाचे संवेदक असतात. ते कंपनं टिपतात आणि सुमारे 250 हर्ट्झच्या आसपास सर्वांत जागरूक असतात. आघात लांबवला की कानाला मिळणारा टोकदारपणा जातो आणि बोटाला मिळणाराही जातो. सायलेंट स्विचवर टाइप करणारे अनेकजण 'चिखलात बोट रुतल्यासारखं वाटतं' अशी तक्रार करतात, ती निव्वळ सवयीची नाही. पूर्ण शांत आणि तरीही कडक, अशी जाहिरात दिसली तर ती तेवढ्यापुरती वाचून सोडून द्यावी. मऊपणा हीच शांततेची किंमत आहे, ती किती मोजायची हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मधला मार्ग शोधणाऱ्यांसाठी स्विचची एक जोडी पाहण्यासारखी आहे: बोबा यू-4 आणि बोबा यू-4टी. दोन्ही टॅक्टाइल, म्हणजे दाबताना वाटेत बोटाला ठळक उंचवटा जाणवणारे. पहिला मऊ गाद्यांचा, शांत. दुसरा गाद्यांशिवाय, घुमणाऱ्या जाड आवाजाचा. शांत टॅक्टाइलची खुबी अशी की तळ मऊ झाला तरी उंचवटा शाबूत राहतो, त्यामुळे बोटाला 'अक्षर उमटलं' ही खूण मिळत राहते. गुळगुळीत सरकणाऱ्या लिनिअर स्विचमध्ये तीही नसते. सायलेंट लिनिअर घेतलेल्यांना सगळंच मिळमिळीत लागायला लागतं ते यामुळे. माझा कौल शांत टॅक्टाइलला. पण ज्यांना उंचवटा अडथळा वाटतो, विशेषतः खेळणाऱ्यांना, त्यांच्यापुढे हा युक्तिवाद टिकत नाही.

जपानच्या टोप्रे कंपनीची वाटच वेगळी. रबराचा घुमट, त्याखाली शंकूच्या आकाराची स्प्रिंग आणि विद्युत धारकता मोजून अक्षर ओळखणं. धातूला धातू कुठेच लागत नाही. रिअलफोर्स हा कीबोर्ड टोप्रेचाच, आणि हॅपी हॅकिंग प्रोफेशनलमध्येही हेच स्विच असतात. स्पर्श सुरेख, किंमत सणसणीत. आणि फक्त शांतताच हवी असेल, बाकी कशाची हौस नसेल, तर साधा रबर डोमचा ऑफिसातला कीबोर्ड अनेक 'सायलेंट' मेकॅनिकलपेक्षा शांत असतो, हेही मोकळेपणाने सांगायला हवं.

स्प्रिंग किती जड घ्यावी? इथे नेहमी सल्ला दिला जातो की जड स्प्रिंग घ्या, म्हणजे बोट तळाला आपटणार नाही. एमएक्स रेड 45 सेंटीन्यूटनचा, म्हणजे साधारण 46 ग्रॅम वजन ठेवल्यावर पडेल तेवढ्या दाबाचा, तर एमएक्स ब्लॅक 60चा. तळाच्या आघातापुरता सल्ला बरोबर आहे. पण दाबताना स्प्रिंगमध्ये साठलेली ऊर्जा कुठे जाणार? ती दांड्याला परत वर भिरकावते, आणि जड स्प्रिंग जास्त जोराने भिरकावते. जड स्प्रिंगने खालचा आवाज घटतो आणि वरचा वाढतो. म्हणून आधी स्वतःची बोटं ओळखावीत. शासकीय टायपिंग परीक्षेसाठी गोदरेजच्या यंत्रावर घासून तयार झालेले लोक बटण तळापर्यंत हाणतातच. त्या यंत्रात हातोडी कागदावर आदळायला जोर लागायचाच, आणि ती सवय बोटांतून जात नाही. अशांनी दोन्ही बाजूंनी गाद्या असलेला स्विच घ्यावा, स्प्रिंगच्या आकड्यांत फार अडकू नये. हलक्या हाताने, तळाला न टेकता टाइप करणाऱ्यांना मात्र साधा, नीट ल्यूब केलेला, म्हणजे आतून वंगण लावलेला, लिनिअरही पुरतो.

स्विचकडून आता कीबोर्डच्या खोक्याकडे आणि टेबलाकडे. शाळेत नादकाटा वाजवून त्याचं बूड बाकावर टेकवलं की आवाज एकदम मोठा व्हायचा, कारण बाकाचा मोठा पृष्ठभाग हवा हलवू लागायचा. कीबोर्डखालचं टेबल तेच करतं. चार पदरी टॉवेल घडी करून कीबोर्डखाली ठेवा आणि दोन ओळी टाइप करा. आवाज लक्षात येण्याजोगा उतरला, तर दोष टेबलाकडे होता आणि जाड डेस्कमॅटवर काम भागेल, नवा कीबोर्ड नको. काहीच फरक पडला नाही, तर पोकळ खोकं किंवा स्विच दोषी. खोक्यात फोम भरणं, सर्किट बोर्डच्या पाठीला मास्किंग टेप चिकटवणं, स्विच ज्यात बसतात ती प्लेट अॅल्युमिनियमऐवजी पॉलिकार्बोनेटची घेणं किंवा रबरी गॅस्केटवर तरंगणारी प्लेट, हे सगळे उपाय त्या पोकळीतला घुमारा मारण्याचे किंवा कंपनं खोक्यापर्यंत पोचू न देण्याचे. यांतल्या काहींनी आवाज कमी होण्यापेक्षा बदलतो, कर्कश असलेला खोल होतो. शौकीन याला 'थॉक' म्हणतात आणि त्यावर खूष असतात.

तुमच्या शेजाऱ्याने खूष व्हावं की नाही, हे तो कुठे बसला आहे यावर आहे. वरच्या पट्टीचे आवाज पडदे, गाद्या, भिंती सहज गिळतात, खालच्या पट्टीचे भिंतीतून आरपार जातात. त्याच खोलीत कुणी झोपलं असेल तर टोकदार 'टिकटिक' मारायला हवी, म्हणजे सायलेंट स्विच. त्रास पलीकडच्या खोलीला होत असेल, तर टेबलातून भिंतीत उतरणारे ठोके अडवायला हवेत, म्हणजे डेस्कमॅट आणि टेबल भिंतीपासून थोडं दूर. आणि तक्रार व्हिडिओ कॉलवरच्या सहकाऱ्यांची असेल, तर बऱ्याचदा टेबलावर उभा केलेला माइक स्टँडमधूनच ठोके उचलत असतो. त्यावर कीबोर्ड बदलण्याआधी हेडसेट लावून पाहावा.

फोनमधल्या डेसिबल ॲपवर विसंबून खरेदी करू नये. ॲप बहुधा सरासरी दाखवतं आणि कीबोर्डचा आवाज म्हणजे शांततेत उमटणारे आखूड ठोके, त्यामुळे सरासरी नेहमी निरुपद्रवी दिसते. ठोक्यांचा आवाज तितक्याच डेसिबलच्या संथ आवाजापेक्षा जास्त जाचतो, हे परिसरातल्या गोंगाटाच्या मोजमापातही मान्य आहे: आयएसओ 1996 या मानकात साध्या आघाती आवाजाला 5 आणि तीव्र आघाती आवाजाला 12 डेसिबल वरून जोडायला सांगितले आहेत. शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल घटतात, म्हणून 'अमुक कीबोर्ड इतक्या डेसिबलचा' या वाक्याला किती अंतरावरून मोजलं हे सांगितल्याशिवाय अर्थ नाही.

सर्वात जास्त खडखड करणारी बटणं म्हणजे स्पेसबार, शिफ्ट, एंटर आणि बॅकस्पेस. लांब बटण कुठेही दाबलं तरी सरळ खाली जावं म्हणून त्याखाली तारेचा स्टॅबिलायझर असतो, आणि ती तार प्लॅस्टिकच्या खाचेत सैल असली की वाजते. स्विच कितीही शांत घेतला तरी हा आवाज जात नाही. मराठी टाइप करणाऱ्यांना हे जास्त भोवतं. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीत ख, घ, थ, ध, भ, श, ष, ण, ळ आणि अ, आ, इ सारखे सुटे स्वर सगळे शिफ्टवर आहेत. 'शिक्षण' एवढा एक शब्द लिहायचा तर श, ष आणि ण अशा तीन अक्षरांना शिफ्ट लागतं. इंग्रजीत ते मुख्यतः वाक्याच्या सुरुवातीला लागतं. कीबोर्डची समीक्षा करणारे इंग्रजीत टाइप करून दाखवतात, त्यामुळे शिफ्टचा खुळखुळाट त्यांच्या व्हिडिओत ऐकूच येत नाही.

यावर औषध म्हणजे ल्यूब. क्रायटॉक्स 205जी0 हे घट्ट, पांढरं ग्रीस बारीक ब्रशने तारेच्या वाकलेल्या टोकांना आणि ती जिथे खाचेत बसते तिथे लावायचं. इथे हात आखडता नको, तार वाजणं थांबेपर्यंत लावावं. स्विचच्या आत लावताना मात्र उलट: दांड्याच्या कडांवर, सरकण्याच्या खाचांवर अगदी पातळ लेप, आणि धातूच्या पट्टीला ब्रश लावायचा नाही. टॅक्टाइल स्विचच्या दांड्याचे जे पाय पट्टीला घासतात ते कोरडेच ठेवावेत, नाहीतर ज्या उंचवट्यासाठी पैसे मोजले तोच गुळगुळीत होतो. सायलेंट स्विचच्या गाद्यांवर ल्यूब साचलं तर दांडा तिथे चिकटून सुटल्यासारखा बारीक 'चप्' आवाज येऊ लागतो.

हे सगळं स्वतःच्या हाताने करायचं तर कीबोर्ड हॉट-स्वॅप घ्यावा, म्हणजे सोल्डरिंगशिवाय स्विच उपटून बदलता येतात. नऊ-दहा स्विच लावलेला टेस्टर मागवून बोटांनी पसंती ठरवावी, कानांनी नाही. टेस्टरला कीबोर्डचं खोकं नसतं, त्यामुळे त्याचा आवाज फसवा असतो, स्पर्श मात्र बराच खरा. आणि सगळे स्विच एकच असले पाहिजेत असा नियम नाही. अक्षरांना आवडीचे, थोडे बोलके स्विच ठेवून स्पेसबार, एंटर आणि दोन्ही शिफ्टखाली सायलेंट बसवले, तर चार स्विचच्या खर्चात रात्रीचं टायपिंग पुष्कळ सुसह्य होतं.