जुना चित्रपट मिळत नाही, म्हणजे तो दडपलेला असतो का?

‘अमुक जुना चित्रपट कुठेच पाहायला मिळत नाही, कारण त्यावर गुपचूप बंदी घातली आहे’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरत असतो. काही चित्रपटांवर खरोखरच बंदी आली होती, त्यामुळे हा समज अगदीच निराधार वाटत नाही. परंतु बहुतेक वेळा कारण बरेच साधे असते.

१९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर निघत. ही फिल्म सहज पेट घेते, आणि एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. जी रिळे आगीतून वाचली, त्यांतली पुष्कळशी चिकट होऊन शेवटी भुकटी झाली, तर काही चांदीसाठी भंगारात गेली, कारण कृष्णधवल फिल्मवरची प्रतिमा चांदीच्या कणांचीच असते. नंतरची ॲसिटेट फिल्म सहजासहजी पेटत नसली, तरी दमट हवेत तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो आणि ती आकसते. मूकपटांच्या काळात भारतात हजाराहून अधिक चित्रपट निघाले. त्यांतले फारच थोडे आज शिल्लक आहेत.

प्रत शाबूत असली, तरी हक्कांचा गुंता उरतोच. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो. तेवढ्या काळात अनेकदा निर्मितीसंस्था बंद पडते आणि हक्क वारसांत विभागले जातात.

पडताळणीसाठी त्या काळच्या वर्तमानपत्रांतील सिनेमाच्या जाहिराती पाहाव्यात. चित्रपट आठवडेच्या आठवडे चालल्याचे त्यांत दिसले, तर निदान तेव्हा तरी त्यावर बंदी नव्हती.