१२३४५६७८९८७६५४३२१

एकपासून नऊपर्यंत चढणारी आणि पुन्हा एकवर उतरणारी सतरा अंकी पूर्णांक संख्या. नऊ एके ओळीने मांडून होणाऱ्या १११११११११ चा ती वर्ग आहे. आपल्याकडच्या स्वल्पविरामांनी ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहितात. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थाननामांनुसार तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी पडतो. त्यापुढे यादीत फक्त ‘परार्ध’ उरते.

हा चढ-उतार का येतो, हे पाटीवर गुणाकार मांडला की लगेच दिसते. १११११११११ च्याच नऊ ओळी, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या घरात एकच १ असतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. मधल्या घरात नऊ जमतात आणि मग पुन्हा एकेक कमी होत जातो. कोणत्याही घराची बेरीज ९ च्या वर जात नाही, त्यामुळे हातचा येतच नाही. दहा एके घेतले की मात्र मधल्या घरात १० होतात आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. उजवीकडची उतरण शाबूत, डावीकडचा ८ गायब!

तिचे मूळ अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७² असे आहेत, म्हणून विभाजक ४५. (१ ते ९ ची बेरीजही ४५ होते, पण तो निव्वळ योगायोग.) अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग, आणि ८१ ने संख्येला नि:शेष भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. ९ ने गुणल्यावर नऊ एके देणारी, आठ नसलेली ती हीच संख्या.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नाव देणारे देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीच १, १२१, १२३२१ पासून सुरू होणाऱ्या या वर्गांना ‘वंडरफुल डेम्लो’ म्हटले. डेम्लो हे कोणा गणितज्ञाचे आडनाव नव्हे. तेव्हाच्या जीआयपी रेल्वेवर, मुंबईपासून ३० मैलांवर त्या नावाचे स्थानक होते, आजचे डोंबिवली. या संख्यांचा विचार त्यांना तिथे सुचला. त्यांच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ चे वर्णन एकपासून सहापर्यंत वाढून क्रमाने घटणारी संख्या असे केले होते.

एक्सेलच्या चौकटीत ही संख्या टंकली तर शेवटचे २१ जाऊन तिथे ०० उमटतात, कारण तो १५ च अंक जपतो. उलटसुलट सारखी वाचता येणारी संख्या तिथे तशी उरत नाही. पूर्ण गुणाकार पाहायचा तर पाटीच बरी.